वाटीभर बाजरी आणि तोडलेला उंबर

पक्ष्यांसाठी पाणी ठेवा. बाराही महिने ठेवा, रोज बदला, भांडं घासून ठेवा. दाण्याची वाटी मात्र खाली उतरवा.

एवढं बोललं तरी आमच्याकडे लोक दुखावतात. ‘ताई, मुक्या जिवाच्या तोंडचा घास काढता?’ असं शेजारच्या नानांनी मला दोनदा ऐकवलं आहे. नाना भले गृहस्थ आहेत. त्यांच्या गच्चीवर तीन दाणापात्रं टांगलेली आहेत आणि ती वर्षभर भरलेली असतात. हा लेख म्हणजे नानांशी भांडण आहे, आणि नानांसारख्या असंख्य भल्या माणसांशीही. वाईट माणसांशी भांडायला लेख लागत नाही.

मी शहाद्यात राहते. उत्तरेला सातपुड्याची रांग, दक्षिणेला तापी, मधे कपाशी, ऊस, केळी आणि पपईची शेतं. मार्च उजाडला की आमच्या नंदुरबार जिल्ह्यात एक उपक्रम हमखास सुरू होतो. मातीचे परळ वाटले जातात, प्लास्टिकच्या बाटल्या कापून त्यांत बाजरी भरली जाते, शाळेच्या आवारातल्या कडुनिंबाला त्या टांगल्या जातात, फोटो निघतो. २० मार्चला जागतिक चिमणी दिन असतो, त्यामुळे मुहूर्तही आयता मिळतो. इथवर माझं फारसं म्हणणं नाही. पण अलीकडे या उन्हाळी उपक्रमाची बारमाही सवय झाली आहे. बाजारात आणि मोबाइलवर तयार ‘बर्ड फीडर’ मिळतात, ‘मिक्स सीड’ची पाकिटं मिळतात. पावसाळ्यात वाटी, दिवाळीत वाटी, संक्रांतीला वाटी. ती भरली की आपण निसर्गाचं देणं फेडलं, असं माणसाला वाटू लागतं. माझा आक्षेप या वाटण्यावर आहे.

आधी साधा हिशेब करू. वाटीवर येतं कोण?

नानांच्या गच्चीवर मी पाहते ते असं: पारवे, होले, साळुंक्या, चिमण्या आणि खारी. पारव्यांचा थवा उतरला की चिमण्या कठड्यावर जाऊन बसतात आणि पारव्यांचं झालं की उरलंसुरलं टिपतात. आता त्याच गच्चीपासून पन्नास पावलांवरच्या माझ्या परसात दिसणारे पक्षी सांगते: शिंजीर, शिंपी, दयाळ, बुलबुल, तांबट, भारद्वाज, कोतवाल, वेडा राघू, सातभाई आणि थंडीत कधीमधी येणारा खाटीक. यातला एकही बाजरीसाठी येत नाही. शिंजीराला जास्वंदीतला मध हवा, शिंप्याला अळ्या, तांबटाला वड-उंबराची फळं, वेड्या राघूला उडते किडे, खाटकाला नाकतोडे आणि सरडे. ‘पक्ष्यांना खायला घालतो’ हे वाक्यच मुळात चुकीचं आहे. आपण पारव्यांना खायला घालतो. बाकीच्या पक्ष्यांच्या नावावर.

महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल घ्या. पारव्याचा चुलतभाऊच तो, हिरवट-पिवळा, पिवळ्या पायांचा. तो झाडावर राहतो आणि फळांवर जगतो. वड, पिंपळ, उंबर पिकले की थव्याने येतो. तुमच्या बाजरीकडे तो ढुंकूनही बघत नाही. ज्या पक्ष्याला आपण राज्याचा मान दिला, त्याच्यासाठी वाटी भरण्याचा उपाय उपलब्धच नाही. त्याच्यासाठी उंबर राखावा लागतो.

आणि आता आमच्या जिल्ह्याचा खरा मानकरी: रानपिंगळा. हे छोटं घुबड १८७३ मध्ये ह्यूम यांनी शास्त्रीय नाव देऊन नोंदवलं. १८८४ नंतर त्याचा एकही खात्रीचा नमुना मिळाला नाही आणि हळूहळू ते नामशेष झालं असंच सगळे धरून चालले. मधल्या काळात मायनर्ट्झहागन नावाच्या ब्रिटिश कर्नलच्या संग्रहात एक नमुना होता. त्यावरच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, १९१४, मांडवी, गुजरात. पुढे उघड झालं, की तो नमुना मुळात दुसऱ्याचा, चोरलेला; त्यावर नवी चिठ्ठी लावलेली. म्हणजे तो पक्षी १९१४ पर्यंत गुजरातेत होता ही समजूत एका खोट्या चिठ्ठीवर उभी होती. पामेला रासमुसेन यांनी ती लबाडी ओळखली, खऱ्या नमुन्यांच्या जुन्या जागा धरल्या आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांच्यासोबत त्या इथे, शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याशी आल्या. तिथे दिवसाढवळ्या फांदीवर बसलेला रानपिंगळा त्यांना दिसला. ११३ वर्षांनी.

त्यानंतर तो मेळघाटात, यावलमध्ये, मध्य प्रदेशात आणि ठाणे जिल्ह्यातल्या तानसाच्या जंगलातही सापडला. पण जगाला तो परत मिळाला तो आमच्या तालुक्यात. जिल्ह्याच्या मुलांना पाठ असायला हवी अशी ही गोष्ट. रानपिंगळा खातो काय? सरडे, पाली, उंदीर, मोठे किडे. राहतो कुठे? कोरड्या पानझडीच्या विरळ सागवानी रानात, जुन्या झाडांच्या ढोलीत. त्याला हवं ते एकही वाटीत मावत नाही. ढोली पडायला झाड म्हातारं व्हावं लागतं आणि म्हातारं झाड आमच्याकडे सरपण, फळी नाहीतर रस्त्याची अडचण असतं.

त्या खोट्या चिठ्ठीची आठवण मला दाणापात्र बघितलं की होते. चिठ्ठी खोटी असली की माणसं चुकीच्या जागी बघत बसतात. वाटीवर आपण ‘पक्षीसंवर्धन’ अशी चिठ्ठी लावली आहे, आणि सगळं गाव वाटीकडे बघतं आहे.

नाना म्हणतात, इंग्लंड-अमेरिकेत तर लोक वर्षानुवर्षं बागेत दाणे ठेवतात, ते काय वेडे आहेत? प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचं उत्तर नीट देते.

ब्रिटनमध्ये बागेतल्या दाण्याचा काही पक्ष्यांना खरंच फायदा झाला आहे. तिथे हिवाळ्यात लंडनचा दिवस आठ तासांहूनही कमी होतो. जमीन गोठते. चिमणीएवढ्या पक्ष्याला सोळा तासांच्या थंड रात्रीत अंगातली ऊब टिकवायची असते आणि उजेडाच्या थोडक्या वेळात तेवढं खाणं शोधायचं असतं. अशा वेळी दाणा म्हणजे जीव. आता नंदुरबार बघा. कर्कवृत्ताच्या थोडं दक्षिणेला असलेला जिल्हा. डिसेंबरातला सगळ्यात छोटा दिवससुद्धा पावणेअकरा तासांचा. जमीन गोठत नाही, किडे संपत नाहीत, शेतात हरभरा आणि दादर उभी असते. उलट आपल्याकडचा हिवाळा इतका सुकाळाचा, की उत्तरेकडचे पक्षी हजारो किलोमीटर उडून इथे जेवायला येतात. पळसमैना त्यातलीच. आपण तिला भोरडी म्हणतो. ती येते, दादरीवर ताव मारते, फेब्रुवारी-मार्चात पळस फुलला की त्याच्या मधावर तुटून पडते आणि परत जाते. तिच्या नावातच तिचं ताट लिहिलेलं आहे. आपल्याकडे टंचाई असते ती उन्हाळ्यात, आणि ती पाण्याची. गरज एका मुलखाची आणि औषध दुसऱ्या मुलखाचं, असा हा प्रकार.

शिवाय त्या देशांतल्या गोष्टीचा अर्धाच भाग आपल्याकडे आला. उरलेला असा. १९९४ मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टनच्या आसपास दाणापात्रांवर येणाऱ्या हाउस फिंच पक्ष्यांचे डोळे सुजू लागले. ती जिवाणूजन्य साथ पुढे देशभर पसरली. ब्रिटनमध्ये २००५ पासून ग्रीनफिंच नावाच्या हिरवट पक्ष्यात ट्रायकोमोनास या परजीवीची साथ पसरली. घसा सुजतो, गिळता येत नाही, पक्षी दाण्याजवळ बसूनच उपाशी मरतो. एकेकाळी प्रत्येक बागेत दिसणारा हा पक्षी २०२१ मध्ये तिथल्या धोक्यात आलेल्या पक्ष्यांच्या लाल यादीत गेला. हा परजीवी मुळात कुठे मुक्कामाला असतो? पारवे-कबुतरांच्या घशात. आजारी पारवा वाटीत तोंड घालतो, न गिळता आलेला ओला दाणा परत टाकतो, दुसरा तो उचलतो. २०२५ च्या सुरुवातीला ब्रिटनच्या सगळ्यात मोठ्या पक्षीसंस्थेने, रॉयल सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ बर्ड्सने, या साथीच्या काळजीपोटी आपल्या दुकानांतून सपाट दाणापात्रांची विक्री थांबवली. ज्यांनी जगाला बागेत दाणे ठेवायला शिकवलं ते आता सपाट थाळी मागे घेत आहेत आणि आपण परळात बाजरी ओतून आधुनिक होतो आहोत.

रोगाची ही गोष्ट नंदुरबारकरांना परकी वाटायचं कारण नाही. भारतात बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक झाला तो आमच्याच जिल्ह्यात, नवापूरला, फेब्रुवारी २००६ मध्ये. पांढऱ्या पोशाखातली माणसं, बंद पडलेली पोल्ट्री, खड्डे खणून पुरलेल्या लाखो कोंबड्या. ज्यांचा धंदा त्यात बुडाला त्यांना विचारा. फेब्रुवारी २०२१ मध्ये पुन्हा नवापूर, पुन्हा तेच. तो रोग कुणाच्या गच्चीवरच्या वाटीतून आला नव्हता, आणि तसं सुचवणं खोटेपणाचं होईल. पण एक धडा नवापूरने या जिल्ह्याला दोनदा दिला आहे: पक्षी जेवढे दाटीने, एकाच भांड्यात, रोज, तेवढी रोगाची सोय. रानात पक्षी दाणा टिपत पुढे सरकतो. कालच्या विष्ठेवर आज जेवत नाही. वाटी त्याला तेच करायला लावते. त्यात आमचा पावसाळा. जुलैत वाटीतली बाजरी दोन दिवसांत भिजून फुगते, चौथ्या दिवशी तिच्यावर बुरशी येते. किती जण ती रोज फेकतात, वाटी घासून उन्हात वाळवतात? भरणारे पुष्कळ, घासणारे थोडे. खाली सांडलेल्या दाण्यावर रात्री उंदीर येतात, उंदरामागे साप येतो आणि मग त्याच मुक्या जिवाला काठीने मारायला सगळी गल्ली गोळा होते.

बारमाही दाण्याचा शेवट कसा होतो हे बघायचं असेल, तर मुंबईला जा. पारव्याला आयतं खाणं आणि बसायला कठडा मिळाला, की तो वर्षातून अनेकदा अंडी घालतो, दर खेपेला दोन. दादरच्या कबुतरखान्यावर वर्षानुवर्षं पोत्यांनी धान्य ओतलं गेलं. मग पिसं, विष्ठा आणि तिच्यामुळे होणारे फुफ्फुसाचे आजार यांवरून वाद पेटला. जुलै २०२५ मध्ये मुंबईतले ५१ कबुतरखाने बंद करण्याची घोषणा विधान परिषदेत झाली, उच्च न्यायालयाने दाणे टाकणाऱ्यांवर गुन्हे नोंदवायला सांगितलं, दादरला ताडपत्री चढली आणि ऑगस्टमध्ये जमावाने ती ओढून फाडली. पोलीस, न्यायालय, धर्म, पक्ष, सगळे रस्त्यावर. या सगळ्या गदारोळात मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते वेगळ्याच कारणाने: दोन्ही बाजू ‘पक्षी’ हा शब्द वापरत होत्या, आणि दोन्ही बाजूंना त्याचा अर्थ फक्त पारवा असा माहीत होता. २०२३ च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालात वाढणाऱ्या पक्ष्यांमध्ये पारवा आहे, आणि वेगाने घटणाऱ्यांमध्ये मांस व किडे खाणारे पक्षी आहेत. आपली दया ज्याच्याकडे वळली आहे त्याला तिची गरज नाही. ज्याला गरज आहे त्याच्यापर्यंत ती पोचत नाही.

‘पण चिमणीचं काय?’ हा पुढचा प्रश्न ठरलेला. चिमणी गोड आहे, घरातली आहे, माझीही लाडकी आहे. २०२० च्या याच अहवालमालेत नोंद होती, की देशभराचा विचार करता चिमणीची संख्या साधारण स्थिर आहे. घट दिसते ती मोठ्या शहरांत. आणि तिथे तिला कमी पडतं ते धान्य नव्हे. मोठी चिमणी दाणे खाते, पण पिल्लांना पहिल्या दिवसांत ती अळ्या आणि मऊ किडे भरवते. दाण्यावर पिल्लू वाढत नाही. घरट्यासमोर बाजरीची रास घातली आणि अंगणातल्या झुडपांवर फवारा मारला, तर चिमणा-चिमणीचं पोट भरेल आणि पिल्लं मरतील. तिला कौलाखालची फट हवी, भिंतीतलं भोक हवं, मेंदीचं नाहीतर बोगनवेलीचं दाट कुंपण हवं, आणि त्यात किडे हवेत. आपण स्लॅब टाकला, फरशी बसवली, कुंपण काढून पत्रे लावले, आणि मग वाटी टांगली.

धर्माचा मुद्दाही टाळणार नाही, कारण नानांचा खरा आधार तोच आहे. जीवदया आपल्या रक्तात आहे, हे मला मान्य आहे. रोजच्या पंचमहायज्ञांत भूतयज्ञ आहे, श्राद्धाला काकबळी आहे. आईने भरवलेल्या पहिल्या घासातसुद्धा चिऊ-काऊचा वाटा होता. सुगीला देवळात, ओसरीवर ज्वारी-बाजरीच्या कणसांचे झुबके टांगण्याची रीत महाराष्ट्रात गावोगावी होती. पण या सगळ्यांत एक माप आहे, ते बघा. घास, पोतं नव्हे. आपल्या ताटातला, आपण जेवण्याआधीचा. कणसं सुगीतली, आपल्या शेतातली, एकदाच. ती संपली की संपली. त्यामागचा भाव होता, की पिकात त्यांचाही हिस्सा आहे. आजच्या बारमाही दाणापात्रात हिस्सा नाही, भीक आहे. शेत, बांध, झाड, कुंपण सगळं आपण घेतलं, आणि त्याबदली शंभर रुपयांचं पाकीट दिलं. जुना माणूस पाखरांना गोफणीने हाकलायचा आणि बांधावरची बोरीबाभळी, ओढ्याकाठचा उंबर, खळ्यावर सांडलेला दाणा त्यांच्यासाठी सोडायचा. तो पक्ष्यांशी भांडायचा, पण त्यांची जागा हिरावून घ्यायचा नाही. आपण भांडत नाही, लाड करतो, आणि जागा सगळी घेतो.

काय काय घेतलं, त्याची यादी मोठी आहे. दादर आणि बाजरीच्या जागी कपाशी, ऊस, केळी, पपई आली. ही पिकं शेतकऱ्याला परवडतात, म्हणून मी त्याला बोल लावणार नाही. पण कपाशीचं बियाणं पाकिटातून येतं तेच कीटकनाशक चोळून, आणि पुढे फवारण्या वेगळ्या. किडे मेले की कोतवाल, वेडा राघू, नीलकंठ यांचं ताट गेलं. खळं गेलं, मळणीयंत्र आलं. बांध नांगरले गेले, बांधावरची बोर गेली, विहिरीवर लोंबणाऱ्या शिंदीच्या फांद्या गेल्या, त्यांबरोबर सुगरणीची घरटी गेली. रस्ते रुंद झाले, दुतर्फाचे वड आणि कडुनिंब पडले. उत्तरेला नर्मदेकाठी सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्रातली ३३ गावं बुडाली, अक्राणी आणि अक्कलकुव्याच्या डोंगरातली. माणसांच्या घरांबरोबर रानही बुडालं. त्या रानातल्या पक्ष्यांना कुणी पुनर्वसनाचं पॅकेज दिलं नाही, हे म्हणताना मला भान आहे, की तिथल्या माणसांनाही ते मिळवण्यासाठी वर्षानुवर्षं झगडावं लागलं.

या यादीपुढे वाटी ठेवून बघा. केवढीशी दिसते.

मुलांचं काय, हा नानांचा शेवटचा मुद्दा, आणि तो मला सगळ्यात जड जातो. नातवंडं गच्चीवर येतात, बाजरी ओततात, चिमण्या जवळून बघतात. त्यातूनच गोडी लागते ना? लागते. पण वाटीने मुलाला एवढंच शिकवलं, की पक्षी आपल्या हाताकडे बघत जगतो, आपण नसलो तर तो मरेल. हे खोटं आहे, आणि मुलाला मोठं वाटायला लावणारं खोटं आहे. त्याच मुलाला मार्चात पहाटे मोहाखाली नेऊन उभं करा. रात्रभर गळलेली फुलं, वर साळुंक्या, बुलबुल, पोपटांचा कल्ला, खाली टोपली घेऊन फुलं वेचणारी बाई. एकाच झाडावर माणूस आणि पाखरू दोघंही जेवतात, कुणी कुणाला भीक घालत नाही. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या आदिवासी पोराला हे शिकवावं लागत नाही. शिकवावं लागतं ते आपल्या, शहरातल्या, वाटी भरणाऱ्या पोराला. आणि पिकलेल्या उंबरासमोर अर्धा तास बसलेलं पोर जेवढे पक्षी बघेल, तेवढे वाटीसमोर वर्षभर बसून दिसायचे नाहीत.

मग करायचं काय? ‘नको’ म्हणून थांबणाऱ्याला आमच्याकडे कुणी चहा विचारत नाही, म्हणून सांगते.

पाणी ठेवा. एप्रिल-मेत इथला पारा बेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा पाणी हा खरोखर जीव आहे, आणि ते दाणा खाणाऱ्या-न खाणाऱ्या सगळ्यांना लागतं. परळ उथळ असावा, मधे एक खडबडीत दगड, सावलीत, मांजराला दबा धरता येणार नाही अशा जागी. रोज ओता, घासा, भरा. डासांची अंडी फुटायला वेळच देऊ नका.

परसात एक कोपरा झाडू नका. पालापाचोळा पडू द्या. सातभाई तो उलटापालटा करून तुमचे किडे मोफत वेचतील. फवारा मारू नका. जास्वंद, अडुळसा, शेवगा, पेरू, करवंद, भोकर यांपैकी जे जमेल ते लावा. पत्र्याऐवजी कुंपण राखा. वाळलेलं झाड घरावर पडणारं नसेल तर उभं ठेवा. तांबट आणि सुतार त्यात घरं कोरतील, ती पुढे इतरांना मिळतील. शेत असेल तर बांधावर दादरीची एक ओळ पाखरांच्या नावाने सोडा. दाणा द्यायचाच आहे ना? असा द्या, ताटावर उभा, कणसात, हंगामात. तिथे वाटी घासावी लागत नाही.

आणि वर्तमानपत्रात फोटो यावा अशी इच्छा असणाऱ्या सगळ्या मंडळांना, शाळांना, प्रतिष्ठानांना एक विनंती. पुढच्या मार्चात पाचशे दाणापात्रं वाटू नका. त्याऐवजी गावातल्या जुन्या झाडांची मोजणी करा. वड किती, पिंपळ किती, उंबर किती, मोह किती, ढोल्या कितींना आहेत. मुलांना वही द्या, झाडांना आकडे द्या, यादी ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नोंदवा. मग रस्ता रुंद करायला, गाळे बांधायला, तारा ओढायला यादीतल्या झाडावर कुऱ्हाड येईल, तेव्हा ती वही घेऊन तिथे उभे राहा. त्या दिवशी हार-तुरे मिळणार नाहीत. कदाचित कंत्राटदाराशी, कदाचित आपल्याच भाऊबंदांशी वाईटपणा येईल. वाटी टांगताना कुणाशीच वाईटपणा येत नाही, म्हणूनच ती एवढी लोकप्रिय आहे.

नानांच्या घराकडे वळणाऱ्या कोपऱ्यावर एक उंबर आहे. गटाराच्या कामात येतो म्हणून त्याच्यावर खूण झाली आहे. हरियालांचा थवा पिकाच्या दिवसांत त्यावर उतरतो, तांबट दुपारभर टुकटुक करत बसतो, रात्री वटवाघळं येतात. नानांच्या तिन्ही वाट्यांवर वर्षभरात जेवढे जीव जेवतात, त्यांहून अधिक तो उंबर एका हंगामात जेवू घालतो. पाकीट विकत आणावं लागत नाही, वाटी घासावी लागत नाही. फक्त नगरपालिकेत एक अर्ज द्यायचा आहे, आणि त्यावर सह्या हव्या आहेत. पहिली माझी आहे. दुसरी नानांनी करावी.